जुना अंतराळवीर नव्या कॉमिकमध्ये आणताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

जुन्या विज्ञान-साहसकथांतल्या नायकांना नव्या कॉमिकमध्ये आणायचे प्रस्ताव मी बरीच वर्षं वाचतो आहे. लिहिणाऱ्याचं प्रेम खरं असतं, चित्रकाराचा हातही बहुतेक वेळा चांगला असतो. चुकतो तो क्रम. आधी नवा पोशाख काढला जातो, मग नायकाच्या भूतकाळात एक मृत्यू घातला जातो, मग त्याची दाढी वाढते आणि तो कोणाशी धड बोलेनासा होतो. हक्क कोणाकडे आहेत, हा नायक लोकांना मुळात कशामुळे आवडला, त्याला पहिल्यांदाच भेटणाऱ्या वाचकानं आत कुठून शिरायचं, हे प्रश्न सगळ्यात शेवटी निघतात. तोवर इतकं रेखाटून झालेलं असतं की मागे फिरायला कोणीच तयार नसतं.

म्हणून खालचा क्रम मी आग्रहानं सांगतो. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. पोशाख आठव्या टप्प्यावर येतो.

उदाहरणांसाठी चार नायक पुरेत: मंगळावर पोहोचलेला जॉन कार्टर (१९१२), बक रॉजर्स (१९२८-२९), फ्लॅश गॉर्डन (१९३४) आणि डॅन डेअर (१९५०). तुमचा नायक यांच्यापेक्षा कमी प्रसिद्ध असला तरी अडचणी याच येतात.

१. नायकाचं कोणतं रूप तुमच्या हाती येऊ शकतं ते ठरवा

"हा नायक पब्लिक डोमेनमध्ये आहे का?", म्हणजे कॉपीराइट संपून सगळ्यांना वापरायला मोकळा आहे का, असं सगळे विचारतात. प्रश्न अपुरा आहे. त्याचं कोणतं रूप मोकळं आहे आणि कुठल्या देशात, असं विचारायला हवं.

अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा कॉपीराइट जास्तीत जास्त ९५ वर्षं चालतो आणि संपतो तो त्या वर्षाच्या अखेरीस. म्हणजे १९३० चं साहित्य १ जानेवारी २०२६ ला मोकळं होतं, आणि १९३४ मध्ये सुरू झालेल्या फ्लॅश गॉर्डनची पहिल्या वर्षाची पानं १ जानेवारी २०३० ला. यात एक पोटनियम आहे: १९६३ पर्यंतच्या साहित्याच्या कॉपीराइटचं २८ व्या वर्षी नूतनीकरण करावं लागायचं. ते झालं नसेल तर साहित्य कधीच मोकळं झालेलं असतं. नूतनीकरणाच्या नोंदी छापील सूचींमध्ये आहेत आणि त्या चाळायला आठवडा लागला तरी चाळाव्यात. ब्रिटनमध्ये हिशेब वेगळा: निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. डॅन डेअरचे निर्माते फ्रँक हॅम्प्सन १९८५ मध्ये गेले. नुसतं त्यांच्यापुरतं मोजलं तरी तो हक्क २०५५ च्या अखेरपर्यंत पोहोचतो.

बक रॉजर्सचं उदाहरण नीट समजून घ्या, कारण नेमकी इथेच गफलत होते. फिलिप फ्रान्सिस नोलन यांची मूळ दीर्घकथा ऑगस्ट १९२८ मध्ये मासिकात आली. तिच्यातल्या नायकाचं नाव अँथनी रॉजर्स आहे. खाणीतल्या वायूमुळे तो ४९२ वर्षं झोपतो आणि २४१९ साली उठतो. नायिका विल्मा डीअरिंग त्या कथेतच आहे. पण "बक" हे नाव आलं ७ जानेवारी १९२९ ला वर्तमानपत्रांत सुरू झालेल्या स्ट्रिपबरोबर (चित्रपट्टीबरोबर), आणि त्या जगातली कितीतरी माणसं, यानं आणि शत्रू पुढच्या वर्षांत एकेक करून भरत गेले. जी गोष्ट पहिल्यांदा ज्या वर्षी छापली गेली, तिचं गणित त्या वर्षापासून सुरू होतं. शेरलॉक होम्सवरच्या खटल्यात अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं २०१४ मध्ये हेच स्पष्ट केलं: आधीच्या कथांमधला होम्स मोकळा, नंतरच्या कथांनी त्यात घातलेली भर मात्र त्या कथांच्या मुदतीपर्यंत राखीव.

ट्रेडमार्क ही निराळी बाब आहे आणि ती वर्षं मोजून संपत नाही. जॉन कार्टरच्या सुरुवातीच्या कथा अमेरिकेत केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. तरीही त्यांवर कॉमिक काढणाऱ्या एका प्रकाशकाला कार्टरचे लेखक एडगर राइस बरोज यांच्या कंपनीनं २०१२ मध्ये ट्रेडमार्कवरून कोर्टात खेचलं, आणि शेवटी समझोता झाला. कथा वापरायला मोकळी असली तरी मुखपृष्ठावर ते नाव ठळक छापायची मुभा आपोआप मिळत नाही.

कामाची पद्धत सांगतो. वहीचं एक पान घ्या, चार रकाने पाडा. पात्र, स्थळ, यान किंवा वस्तू. ती पहिल्यांदा केव्हा छापली गेली. कोणाच्या लेखणीतून किंवा कुंचल्यातून आली. आज त्या गोष्टीची स्थिती काय. तुम्हाला वापरायची असलेली प्रत्येक गोष्ट या पानावर आली पाहिजे. मग हे पान घेऊन बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. तयार यादी पुढे ठेवली की सल्ला लवकर मिळतो आणि नेमका मिळतो.

परवाना घेणार असाल तर करारात पाच गोष्टी लेखी हव्यात: कोणत्या काळातलं साहित्य वापरता येईल, नायकाबाबत काय करायला मनाई आहे, मंजुरी कोण देणार आणि किती दिवसांत, तुम्ही निर्माण केलेली नवी पात्रं कोणाची, अनुवाद, डिजिटल आणि एकत्रित आवृत्तीचे हक्क कोणाकडे. मंजुरीच्या दिवसांकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या हाताखालून गेलेली एक मालिका त्याच कलमावर अडकली. पानं तयार होती, उत्तर येत नव्हतं, आणि तोवर चित्रकारानं दुसरं काम धरलं.

सावधान: चित्रपटातून किंवा कार्टून मालिकेतून आठवणारी वेशभूषा, संवाद, संगीत, रंग यांचे हक्क मूळ स्ट्रिपपेक्षा वेगळे असतात. यादी करताना "हे मला नक्की कुठून आठवतंय?" हे प्रत्येक ओळीला विचारा.

हक्क मिळत नसतील तर त्याच जातीचा स्वतःचा नायक घडवा. त्यात कसलाच कमीपणा नाही. बक रॉजर्सला टक्कर द्यायला काहीतरी हवं होतं म्हणूनच फ्लॅश गॉर्डन जन्माला आला. पुढचे सगळे टप्पे अशा नायकालाही लागू पडतात.

२. मूळ साहित्य क्रमानं वाचा

आठवणीवर विसंबून लिहू नका. निवडक उत्तम भागांचा संग्रहही चालणार नाही. निदान पहिलं वर्ष सलग वाचा. रविवारची स्ट्रिप असेल तर ५२ पानं होतात, दोन बैठकांत संपतात. पहिलं वाचन फक्त आनंदासाठी करा.

दुसऱ्या वाचनाला वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगासाठी चार नोंदी करा. संकट काय होतं? नायकानं सगळ्यात आधी काय केलं? मदत कोणी केली? आणि कोणत्या चित्राशी तुम्ही थबकलात? दुसरी नोंद सगळ्यात मोलाची आहे. माणूस संकटात पहिली हालचाल कोणती करतो, यावरून त्याचा स्वभाव कळतो. निर्मात्यांनी प्रस्तावनेत किंवा जाहिरातीत काय म्हटलं होतं यावरून तो कळत नाही.

तपासा: वही मिटून नायकाच्या पाच कृती सांगता येतात का? पाच विशेषणं सुचत असतील आणि कृती सुचत नसतील, तर पुन्हा वाचा.

३. गाभा एका वाक्यात पकडा

माझ्या मते सगळं काम या टप्प्यावर ठरतं, म्हणून इथे घाई नको.

"शूर, देखणा, प्रामाणिक" हे वाक्य कोणत्याही नायकाला चालतं. गाभ्याच्या वाक्यात क्रियापद हवं, आणि ती कृती याच्याशिवाय दुसऱ्या कोणी त्या पद्धतीनं केली नसती असं वाटायला हवं.

फ्लॅश गॉर्डन पोलो खेळणारा माणूस आहे. त्याच्याकडे कसलीही अमानवी शक्ती नाही. मोंगो ग्रहावर एकमेकांशी भांडणारी राज्यं आहेत आणि तिथला जुलमी सम्राट मिंग त्या भांडणावरच टिकून आहे. फ्लॅश तिथे काय करतो? ज्यांच्याशी त्याची गाठ शत्रू म्हणून पडते, त्यांना तो मित्र करत जातो: सिंहमानवांचा थून, बॅरिन, ससाणामानवांचा व्हल्टन. म्हणून माझं वाक्य असं: "शत्रूच्या गोटातून एकेक मित्र मिळवत सत्तेला एकटं पाडणारा माणूस."

जॉन कार्टरच्या हातात तलवार असल्यामुळे सगळे तलवारबाजीच लिहितात. मूळ कथेत हिरव्या मंगळवासीयांचा समाज दयामाया जाणत नाही. स्वारीच्या जनावरांनाही ते मारझोड करूनच वागवतात. कार्टर त्या जनावरांना मायेनं वागवतो, ती त्याचं ऐकायला लागतात, आणि मग तो त्या योद्ध्यांनाही तसं वागायला शिकवतो. "क्रौर्य हाच नियम असलेल्या समाजात दया ही ताकद आहे हे वागण्यातून दाखवणारा योद्धा" हे वाक्य धरून लिहिलं तर तलवार आपोआप तिच्या जागी बसते.

डॅन डेअरच्या पहिल्या कथेत पृथ्वीवर अन्नाचा तुटवडा आहे आणि शुक्रावर जायचं ते अन्नाच्या शोधात. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये शिधावाटप चालू असताना ही कथा छापली गेली. तो जिंकायला गेलेलाच नाही. त्याचं वाक्य: "उपाशी माणसांसाठी निघालेला आणि शब्द न मोडता परत येणारा वैमानिक."

वाक्य तयार झालं की ते दोनदा पारखा. नायकाच्या हातातलं शस्त्र काढून घ्या. वाक्य उभं राहतं का? मग त्या वाक्यात दुसऱ्या नायकाचं नाव घाला. तरीही पटतं का? पटत असेल तर तुम्हाला गाभा अजून सापडलेला नाही.

आता त्या दाढीबद्दल. नायक खचलेला दाखवण्यात गैर काहीच नाही. पण खचणं हा त्याच्या गाभ्यापुढचा अडथळा असावा, गाभ्याची जागा त्यानं घेऊ नये. डॅन डेअरच्याच दोन पुनरागमनांची तुलना करा. ग्रँट मॉरिसन आणि रायन ह्यूज यांनी १९९० च्या सुमारास जो निवृत्त, फसवला गेलेला डेअर दाखवला, ती निरोपाची कथा आहे. जबरदस्त आहे, पण एकदाच सांगता येते, तिच्यापुढे मालिका जात नाही. २००७ मध्ये गार्थ एनिस आणि गॅरी अर्स्किन यांनीही डेअरला निवृत्तच दाखवला. पण हाक आल्यावर तो उठतो आणि उठल्यावर तोच जुना माणूस असतो. थकलेलं त्याचं जग आहे, त्याचा शब्द नाही. तुम्हाला मालिका चालवायची असेल तर दुसरी वाट धरा. याउलट १९७७ च्या पुनरागमनात नाव राहिलं, डेअरचा जुना शत्रू मेकॉन राहिला, बाकी माणूस मला ओळखू येत नाही.

सावधान: जगात हवे तितके बदल करा. नायकाच्या पहिल्या हालचालीत बदल करू नका.

४. काय टाकायचं आणि कशाला सामोरं जायचं

या कथांमध्ये आज छापता येणार नाही असं बरंच आहे. बक रॉजर्सच्या मूळ कथेतले शत्रू आणि फ्लॅश गॉर्डनमधला मिंग हे दोन्ही त्या काळात पूर्व आशियाई लोकांविषयी पसरवलेल्या भीतीतून आले. नेहमीची दुरुस्ती म्हणजे खलनायकाची कातडी हिरवी किंवा राखाडी करायची. ती पुरत नाही. मूळ दोष रंगात नाही, "एक अख्खी जमात दुष्ट आहे" या मांडणीत आहे, आणि रंग बदलूनही ती मांडणी तशीच राहते.

खरी दुरुस्ती कथानकात करावी लागते. मिंगचं क्रौर्य त्याच्या राज्य करण्याच्या पद्धतीतून येऊ द्या. त्याच्याच दरबारात त्याला घाबरणारे, त्याच्याकडून फायदा उकळणारे आणि गुपचूप विरोध करणारे लोक दाखवा. फ्लॅशचा गाभा "शत्रूच्या गोटातून मित्र" हा असेल तर ही दुरुस्ती आणि गाभा एकमेकांना बळच देतात. गाभा आधी का ठरवायचा, ते इथे कळतं.

तपासा: शत्रुपक्षातली निदान दोन माणसं एकमेकांशी असहमत होताना पानावर दिसतात का? संवादात नुसता उल्लेख चालणार नाही, दिसली पाहिजेत.

जॉन कार्टर अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूनं लढलेला कप्तान आहे. इथे दोनच प्रामाणिक मार्ग दिसतात. ती पार्श्वभूमी पूर्ण बदला, किंवा मंगळावर त्याला तिचं उत्तर द्यायला लावा. तिथेही गुलाम आहेत, कैदी आहेत, आणि या वेळी तो स्वतः कैदी आहे. गणवेश नुसता शोभेला ठेवून गप्प बसणं हा तिसरा मार्ग बरेच जण घेतात. तो घेऊ नका.

स्त्री पात्रांबाबत एक चूक वारंवार दिसते. "मी तिला सबळ केलं" असं सांगताना मूळ वाचलेलंच नसतं. विल्मा डीअरिंग १९२८ मध्येच लढवय्यी होती. डॅन डेअरच्या पहिल्या शुक्र मोहिमेत प्राध्यापक जोसेलिन पीबॉडी अन्नशास्त्राची तज्ज्ञ म्हणून गेली होती, आणि मोहीमच अन्नासाठी होती. काम त्यांना सुरुवातीलाच दिलेलं होतं, नंतरच्या कथा ते विसरत गेल्या. तेव्हा तिच्या हातात बंदूक देण्यापेक्षा, ज्यानं कथेची दिशा बदलेल असा निर्णय तिच्याकडे द्या. पहिल्या दोन अंकांत असा एक तरी निर्णय यायला हवा.

जुन्या विज्ञानाचं काय करायचं? जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानानं मंगळाची चित्रं पाठवली. त्यांत विवरं होती, जुन्या कथांतले कालवे नव्हते. शुक्राचा पृष्ठभाग सुमारे ४६० अंश सेल्सियस इतका तापलेला आहे, तिथे जंगलं किंवा नगरं असू शकत नाहीत. तुम्ही तो ग्रह दूरच्या दुसऱ्या ताऱ्याभोवती नेऊ शकता, कथा अतिप्राचीन काळात टाकू शकता, किंवा "या कथेतला मंगळ असाच आहे" असं गृहीत धरून पुढे जाऊ शकता. मला तिसरा पर्याय आवडतो, एका अटीवर: खुलासा करायचा नाही. अर्धं पान खर्चून समांतर विश्वाचा सिद्धांत समजावणारा शास्त्रज्ञ पहिल्या अंकाची हवा काढून घेतो. कथा ज्या नियमावर चालते तो मात्र काटेकोर पाळा. मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे आणि कार्टरच्या उड्या त्यावर अवलंबून आहेत. मग त्याची उडी प्रत्येक पानावर सारख्याच मापाची दिसली पाहिजे, आणि त्यानं फेकलेला दगडही तसाच लांब गेला पाहिजे.

५. काळ निवडा

हा टप्पा छोटा आहे, पण लेखी करा. नायक मूळ काळातलाच ठेवायचा, आजच्या काळातून निघालेला दाखवायचा, की मधली वर्षं खरोखर गेली आहेत असं धरायचं? एक निवडा, एका ओळीत लिहा आणि पटकथेच्या डोक्यावर चिकटवा. आजच्या काळातला नायक निवडलात तर पहिल्या चार पानांतच "त्यानं फोन का केला नाही?" याचं उत्तर द्यावं लागतं. मूळ काळ निवडलात तर आजच्या वळणाची भाषा त्याच्या तोंडी घालता येत नाही. दोन्हींची सरमिसळ वाचकाला लगेच खटकते.

६. पहिल्या अंकाचं दार

७ जानेवारी १९३४ चं फ्लॅश गॉर्डनचं पहिलं पान समोर ठेवा. एक ग्रह पृथ्वीच्या दिशेनं येतो आहे. विमान कोसळतं, फ्लॅश आणि सहप्रवासी डेल हवाई छत्रीनं उतरतात, शास्त्रज्ञ झारकोव्ह त्यांना धाक दाखवून रॉकेटमध्ये बसवतो आणि रॉकेट सुटतं. सगळं एका पानात. आज याच घटनांना लोक तीन अंक लावतात.

एका पानाइतकी घाई आज करू नका. पण वीस-बावीस पानांच्या अंकात मी अशी वाटणी मागतो. पहिल्या पानावर जग आणि त्यातली अडचण. पाचव्या पानाच्या आत नायक त्याच्या गाभ्यातली कृती करतो, लहान प्रमाणात का होईना. दहाव्या पानापर्यंत तो परक्या जगात पोहोचलेला असतो. शेवटच्या पाच पानांत असा निर्णय येतो, जो घेतल्यावर परत फिरता येत नाही. पूर्वकथा चार पानांहून जास्त नको. ती दुसऱ्या अंकात गेली तरी बिघडत नाही.

छापील अंकात पहिलं पान उजवीकडे येतं, त्यामुळे पान उलटल्यावर दिसतात ती सम क्रमांकाची पानं. धक्का, नवं जग, खलनायकाचं पहिलं दर्शन हे सम पानावर ठेवा. विषम पानाची शेवटची चौकट वाचकाचा हात पान उलटायला नेणारी असावी. अंक आधी मोबाइलवर येणार असेल तर हा हिशेब चालत नाही. तिथे प्रत्येक सरकणं म्हणजे नवं पान, आणि मोठं दुहेरी चित्र अंगठ्याएवढं दिसतं.

सावधान: जुन्या वाचकासाठी ठेवलेल्या खुणा नव्या वाचकाच्या वाटेत येता कामा नयेत. एखादं जुनं यान पार्श्वभूमीत उभं असलं तर छानच. पण ते ओळखता आलं नाही म्हणून प्रसंगच कळत नसेल, तर तो प्रसंग बदला.

७. ठेका

साप्ताहिक स्ट्रिपचा ठेका असा होता: मागची आठवण, नवं संकट, लटकता शेवट. आठवड्यातून एकदा तो रंगत होता, सलग वाचताना दमवतो. उलट टोकाची चूक आजची आहे: सहा अंकांचा संग्रह डोळ्यांपुढे ठेवून पहिले दोन अंक नुसत्या तयारीत घालवणं. प्रत्येक अंकात एका प्रश्नाचं पुरतं उत्तर द्या आणि त्या उत्तरातूनच मोठा प्रश्न उघडा. उदाहरणार्थ, कैदेतून सुटका होते, पण सुटताना जो मित्र मिळतो त्याच्याच भावानं नायकाला पकडून दिलेलं असतं.

लटकता शेवट जिवावरच बेतायला हवा असं नाही. नायक मरणार नाही हे वाचकाला माहीत असतं. तो शब्द मोडेल का, याबद्दल त्याला खात्री नसते.

८. आता पोशाख

इथवर आला असाल तर पोशाखाचे निम्मे प्रश्न सुटलेले असतील. काळ ठरला आहे, जग ठरलं आहे, आणि नायक त्यात काय करतो तेही ठरलं आहे.

आधी फक्त काळी सावली काढा. नायक, सोबती आणि खलनायक शेजारी शेजारी, आत एकही रेष नको. तिघे ओळखू येत नसतील तर तपशिलात शिरू नका. मग मूळ रूपातल्या दोन गोष्टी निवडा ज्या कधीच जाणार नाहीत: एखादा रंग, गळ्याचा आकार, डॅन डेअरच्या भुवयांचं ते वळण. बाकी सगळं बदलायला मोकळं.

मोजून बघा: २० पानं, पानाला सरासरी पाच चौकटी, म्हणजे एका अंकात १०० चौकटी. पोशाखावरचा प्रत्येक पट्टा आणि बक्कल चित्रकाराला इतक्या वेळा काढायचं आहे. अकरा बक्कलांचं जाकीट मुखपृष्ठावर शोभतं आणि तिसऱ्या अंकापर्यंत त्याची बक्कलं सात होतात.

हॅम्प्सन यांच्या स्टुडिओत खऱ्या माणसांना उभं करून छायाचित्रं घेतली जात आणि यानांच्या प्रतिकृती बनवल्या जात, कारण एकच गोष्ट अनेक हात काढणार होते. आज साध्या त्रिमितीय मॉडेलनं तेच काम होतं. नमुनापानावर एवढं हवंच: नायक समोरून, बाजूनं आणि मागून, सहा भाव, धावताना आणि बसताना, यान पाच कोनांतून, यानाचं दार माणसाच्या मापात. ते दारच बहुतेक जण विसरतात, आणि मग आतलं यान बाहेरच्यापेक्षा मोठं होतं.

शेपटीला पंख असलेलं जुनं रॉकेट ठेवायचं असेल तर निर्धास्त ठेवा, फक्त त्या जगातली खुर्ची, दिवा, बंदूक, दरवाजाची कडी सगळं त्याच वळणाचं काढा. जुनं रॉकेट आणि आत आजचा सपाट स्क्रीन असा जोड दिसला की वाचक जगातून बाहेर पडतो.

९. पान, अक्षरं, रंग

फ्लॅश गॉर्डनच्या स्ट्रिपमध्ये पुढे संवादफुगे गेले आणि चित्रालगत निवेदन आलं. ते वैभव वेगळं होतं, आज त्याची नक्कल पान जड करते. एका चौकटीत ३५ शब्दांच्या आसपास आणि एका फुग्यात २५ च्या आत रहा. चित्रात दिसतंय ते निवेदनात परत सांगू नका. फुग्यांसाठी जागा पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यातच सोडा. रंग झाल्यावर जागा शोधणाऱ्याला नेहमी एखाद्या चेहऱ्यावर फुगा ठेवावा लागतो.

जुन्या छपाईचे ठिपके आणि पिवळट कागद यांचा भास अख्ख्या अंकावर पसरू नका. डोळे शिणतात आणि वाचक पानापासून दुरावतो. आठवणीच्या प्रसंगापुरता तो राखून ठेवा. जुन्या पानांमधलं घेण्यासारखं आहे ते रंगांचं धाडस: जांभळं आकाश, केशरी धूर, आणि एका स्थळाला एकच ठरलेला रंगसमूह.

मापं पहिल्या दिवशीच छापखान्याकडून लेखी घ्या. अमेरिकी पद्धतीच्या अंकासाठी चित्रं सहसा ११ × १७ इंची कागदावर होतात, कडेला १/८ इंच कापणीची जागा लागते, रंगीत फाइल ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) आणि शाईची रेष ६०० डीपीआय ठेवतात. महत्त्वाचं काहीही कडेला चिकटवू नका.

१०. रंगवण्याआधी वाचून घ्या

पूर्ण अंकाचे छोटे कच्चे आराखडे, त्यावर वाचता येतील असे संवाद, एवढंच चार जणांना द्या. तिघांनी या नायकाचं नावही ऐकलेलं नसावं, चौथ्याला तो तोंडपाठ असावा. शेजारी बसा, समजावून सांगू नका, आणि ते कुठे मागे उलटून बघतात ती पानं लिहून ठेवा.

तिघांना विचारा: हा माणूस संकटात काय करतो? त्यांचं उत्तर तुमच्या तिसऱ्या टप्प्यातल्या वाक्याजवळ आलं पाहिजे. "तो भारी लढतो" असं उत्तर आलं तर पाचव्या पानाआधीचा प्रसंग पुन्हा लिहा, पोशाखाला किंवा रंगाला हात लावू नका. चौथ्याला एवढंच विचारा: कुठल्या पानावर तुला वाटलं की हा तो नव्हे? ते एक पान हाती लागेपर्यंत बोलत रहा, आणि ते दुरुस्त झाल्यावरच पहिल्या पानाला शाई लावा.